काउंटरच्या अलीकडून



स्वागताध्यक्ष म्हटला की आमदार नाहीतर कारखानदार शोधायची पद्धत. डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक, रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांच्या या मेळाव्याच्या संयोजकांनी या वेळी मेडिकलवाला पकडला. एकतीस वर्षे काउंटरमागे उभा आहे, त्यामुळे उभ्याने बोलायचे कष्ट नाहीत. थोडक्यात बोलायचे मात्र आहेत.

आमचे रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ सालचे. ठाणे-येरवड्यासारखे आमच्या गावाचे नावही लोक चिडवायला वापरतात. त्याची आम्हाला आता सवय झाली आहे.

बायपोलरचा, म्हणजे मन कधी फार चढते तर कधी फार उतरते त्या आजाराचा, रुग्ण पुन्हा ॲडमिट झाला की तो तुम्हा डॉक्टरांना दिसतो. मला तो त्याच्या कितीतरी आधी दिसलेला असतो. महिन्याच्या गोळ्या नेणारा एक दिवस म्हणतो, ‘पाचच द्या.’ पुढच्या खेपेला, ‘फक्त झोपेची द्या.’ मग तो येतच नाही. चार महिन्यांनी त्याची बायको डिस्चार्ज कार्ड घेऊन येते आणि सगळी यादी पहिल्यापासून सुरू होते.

गोळ्या का सुटतात? हात थरथरतो, वजन वाढते, तहान भागत नाही, एसटीने तालुक्याला यायचे म्हणजे दिवसाचा रोज बुडतो. आणि एक कारण कुणी मोठ्याने सांगत नाही: चढत्या दिवसांत फार छान वाटत असते. के जेमिसन याच आजाराच्या नामवंत अभ्यासक. त्यांनाही तो आहे. लिथियम हे त्यावरचे औषध आपण पुन्हा पुन्हा कसे सोडले हे त्यांनी १९९५ च्या ‘ॲन अनक्वाएट माइंड’मध्ये लिहून ठेवले आहे. सगळे ठाऊक असलेल्या बाईंचे हे झाले, मग आमच्या काजूच्या बागेत राबणाऱ्या माणसाला आपण कोणत्या तोंडाने हट्टी म्हणायचे?

आता माझीच एक चूक सांगतो. लिथियमवरचे एक नियमित गिऱ्हाईक आंब्याच्या दिवसांत गुडघा धरून आले. मी नेहमीची दुखण्याची गोळी दिली, दहा दिवसांची. काही विचारले नाही. लिथियम हा मिठाच्या जातीचा क्षार. जॉन केडने १९४९ साली ऑस्ट्रेलियात त्याचा गुण दाखवला. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० ठेवतात, १.५ च्या पुढे विषबाधेची भीती. घाम गेला, पाणी कमी पडले, अळणी उपवास धरला की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते. दुखण्याच्या बऱ्याच गोळ्याही हेच करतात. त्या माणसाच्या बाबतीत ऊन आणि माझी गोळी एकत्र आली. उलट्या, थरथर, पाय लटपटू लागले. जीव वाचला, पण घरच्यांनी धसका घेऊन लिथियम कायमचे बंद केले. गणपतीत तो तीन रात्री झोपला नाही, जमीन विकायला निघाला. पुन्हा भरती झाली. कागदावर कारण लिहिले गेले ‘औषध बंद केले’. खोटे नाही ते. पण त्या कागदावर माझे दुकान कुठेच नव्हते.

म्हणून एक मागणे आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा. घरी सोडताना पुढच्या उपचारांविषयी रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलावे, असे त्याचे कलम ९८ सांगते. रुग्णाची संमती असेल तर त्या बोलण्यात गावच्या मेडिकलवाल्यालाही घ्या. मोठे काही नको. कोणत्या गोळ्या याला देऊ नयेत, आणि तो ठरल्या दिवशी आला नाही तर कुणाला फोन करायचा, एवढे दोन ओळींत लिहून द्या. आम्ही ते वहीत चिकटवून ठेवू. तो माणूस बरा झाल्यावर तो कागद वाचत बसणार नाही, पण आमची वही रोज उघडते.

दुपारच्या जेवणात सोलकढी आहे. आचाऱ्याने विचारले होते, पेशंट आहेत तर अळणी करू का? मी सांगितले, मीठ रोजच्यासारखेच घाल आणि पाण्याचे पिंप दोन जास्त भर.