प्रतिसमभाग उत्पन्न : कंपनीचा एकरी उतारा



वऱ्हाडात “यंदा साठ क्विंटल कापूस झाला” असे कुणी सांगितले की ऐकणारा लगेच विचारतो, “किती एकरांत?” दहा एकरांतले साठ आणि तीस एकरांतले साठ यांतील अंतर अमरावती-अकोल्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. कंपनीच्या नफ्याबाबत हाच प्रश्न विचारला की जे उत्तर मिळते, ते प्रतिसमभाग उत्पन्न, अर्थात ईपीएस. करोत्तर नफ्यातून अग्रहक्क भागांचा लाभांश वजा करून उरलेल्या रकमेला समभागांच्या वर्षभरातील सरासरी संख्येने भागले की हा आकडा निघतो.

आकडा उपयुक्त आहे, यात शंका नाही. मात्र भविष्यनिर्वाह निधीची आयुष्यभराची पुंजी केवळ त्याच्या भरवशावर बाजारात लावणाऱ्याने विप्रोचे उदाहरण पाहावे. अकोल्याहून भुसावळमार्गे सुरतेकडे जाताना लागणाऱ्या अमळनेरला १९४५ साली ही कंपनी वनस्पती तुपासाठी स्थापन झाली. तेथील अनेक घरांत तिचे समभाग पिढ्यानपिढ्या जपले गेले. २०२२-२३ मध्ये विप्रोचा नफा सुमारे ११,३५० कोटी रुपये होता. २०२३-२४ मध्ये तो ११,०४५ कोटींवर आला. प्रतिसमभाग उत्पन्न मात्र २०.७३ रुपयांवरून २०.८९ रुपयांवर गेले! पीक घटले आणि उतारा वाढला, हे कसे? २०२३ साली कंपनीने १२,००० कोटी रुपये खर्चून सुमारे २७ कोटी समभाग भागधारकांकडून परत विकत घेतले होते. एकरच कमी झाले. यात गैर काही नाही. पण त्या वाढीला धंद्याची वाढ म्हणता येत नाही.

पुढच्या वर्षी नेमके उलटे घडले. डिसेंबर २०२४ मध्ये एकास एक बक्षीस समभाग दिले गेले. २०२४-२५ चा नफा १३,१३५ कोटींवर गेला आणि प्रतिसमभाग उत्पन्न दिसले १२.५६ रुपये. आदल्या वर्षीच्या २०.८९ शेजारी हा आकडा ठेवणारा घाबरून समभाग विकेल. वास्तविक समभाग दुप्पट झाल्याने जुना आकडाही निम्मा, म्हणजे १०.४४ धरावा लागतो. तसा धरला की वाढ वीस टक्क्यांची दिसते. सातबारा दोन भावांत फुटला म्हणून शेत वाढत नाही आणि आटतही नाही.

दोन वेगळ्या कंपन्यांचे प्रतिसमभाग उत्पन्न एकमेकांशी ताडून पाहणे तर व्यर्थच. शंभर रुपये उत्पन्नाचा समभाग दोन हजारांना आणि दहा रुपये उत्पन्नाचा तीनशेला मिळत असेल, तर पहिल्यासाठी उत्पन्नाच्या वीसपट आणि दुसऱ्यासाठी तीसपट किंमत मोजावी लागते. कुठला स्वस्त, हे उत्पन्नाच्या आकड्याने नव्हे, या पटीने कळते. शिवाय रस्त्याकाठचा तुकडा विकून आलेला पैसा कुणी कापसाच्या उताऱ्यात धरत नाही. कारखान्याची जमीन विकून झालेला एकवेळचा नफा मात्र या आकड्यात बिनबोभाट मिसळतो.

आणि भाज्यच खोटे असेल तर? ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या रामलिंग राजूंनी कबुली दिली, तेव्हा ताळेबंदातील ५,३६१ कोटींच्या शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्या खोट्या नफ्यावर काढलेले प्रतिसमभाग उत्पन्न गणिताच्या दृष्टीने अगदी बिनचूक होते.