पाटा, वरवंटा आणि घरची मुले

(गावातील मराठी आगमन शताब्दी सोहळ्यात महिला मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



आपली घराणी मळ्यावरचा कॅम्प सोडून या गावात राहायला आली, त्याला यंदा शंभर वर्षे झाली. त्याआधीचा इतिहास सकाळच्या वक्त्यांनी सांगितलाच आहे. 1834 साली सुरू झालेली करारबद्ध मजुरी, पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, पाच वर्षांचा करार, महिन्याला 5 रुपये, आणि एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापणारा तो 'दुब्ल कट'. ते आम्ही पुन्हा सांगत नाही. महिला मंडळाला दहा मिनिटे आणि स्वयंपाकघर हा विषय मिळाला आहे. दर कार्यक्रमात हाच मिळतो! पण आज आमची तक्रार नाही, कारण आज आम्हाला स्वयंपाकघराबद्दलच बोलायचे होते.

मळ्यावर शिधा मिळायचा. तांदूळ, डाळ, मीठ. त्यात चव कुठून आणायची, हे ज्याचे त्याने पाहायचे, म्हणजे बाईने पाहायचे. रत्नागिरीकडून जहाजात बसताना पाटा डोक्यावर घेऊन कोण येणार? पण हे बेट ज्वालामुखीतून वर आलेले. सह्याद्रीत आहे तसाच काळा बसाल्ट दगड इथे उसाच्या शेतात पायाला लागतो. मळेवाल्यांनी शेतातले दगड वेचून जे ढीग घालायला लावले, ते आजही उसात उभे दिसतात. त्याच दगडाचा पाटा इथे घडला. क्रिओलीत आपण त्याला रोस कारी म्हणतो. शहरातल्या पोरांना आता तो शब्दही माहीत नाही, पण इथे बसलेल्या प्रत्येकाच्या आजीकडे रोस कारी होता.

आणि वरवंट्याला काय म्हणतात? 'बाबा'. बाबा रोस कारी. क्रिओलीत बाबा म्हणजे तान्हे बाळ. आमच्या आज्यांना हे ऐकून हसू यायचे, कारण बारशाच्या दिवशी आपल्यात काय करतात ते त्यांना ठाऊक होते. वरवंटा स्वच्छ धुवायचा, त्याला हळदकुंकू लावायचे, कुंची घालायची, आणि बायकांनी पाळण्याभोवती उभे राहून तो पाळण्याखालून एकमेकींच्या हातात द्यायचा. मग बाळाशेजारी निजवायचा. बाळ दगडासारखे टणक व्हावे, दीर्घायुषी व्हावे म्हणून. सटीच्या पूजेलाही पाटा-वरवंटा मांडायचा. आपल्या लोकांनी क्रिओलीला तो शब्द दिला की क्रिओलीने आपल्याला, या वादात आम्ही पडत नाही. पण एका बेटावर दोन भाषांना एकाच दगडात बाळ दिसले, एवढे खरे.

1960 साली कॅरोल वादळ आले तेव्हा आमच्यातल्या काहीजणी अगदी लहान होतो, काहीजणी जन्मल्याही नव्हत्या. पाहिलेलेही ऐकलेल्यात मिसळून गेले आहे. गवताची छपरे गेली, पत्रे उडाले. स्वयंपाकघर तेव्हा घराबाहेर वेगळे असे, ते तर पहिल्याच झोतात गेले. वारा पडल्यावर आज्या बाहेर आल्या, तर चूल नाही, भांडी नाहीत, पाटा मात्र होता तिथेच चिखलात बसलेला. कोणाच्या तरी घरात सुकवलेला मासा निघाला, कोणाकडे ओली डाळ. त्या संध्याकाळी चार घरांचे वाटण एकाच पाट्यावर झाले. त्यातले एक घर आपले नव्हते, शेजारच्या क्रिओल बाईंचे होते. त्यांच्या पोरी आजही आम्हाला मावशी म्हणतात.

जो पाटा वादळाने हलवला नाही, तो आम्ही हलवला. हे सांगायलाच आम्ही आज उभ्या आहोत. सिमेंटची घरे झाली, ओटे आले, मिक्सर आला. पाटा अंगणात गेला, मग नळाखाली कपडे आपटायला, मग पायरी म्हणून. एकीच्या घरी त्यावर फुलझाडाची कुंडी आहे. मिक्सरबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही, कामावरून पाच वाजता घरी येणाऱ्या बाईने पाट्यावर वाटावे असे म्हणणे हा जुलूम आहे. पण पाट्याबरोबर आणखी एक गोष्ट उठली. वाटताना आई पाट्यापुढे बसायची आणि आम्ही तिच्यापुढे. ती बोलायची, आम्ही पाणी शिंपडायचो. "थोडं पाणी घाल, सरळ बस, हात मध्ये आणू नकोस, मीठ आण." आमचे सगळे मराठी तिथले आहे, शाळेतले नव्हे. आमची मुले झाली तेव्हा आम्ही ओट्याशी उभ्या राहिलो, मुलांकडे पाठ केली, आणि त्यांनी फ्रेंचचा अभ्यास करावा म्हणून त्यांना दुसऱ्या खोलीत पाठवले. परीक्षेत पास व्हायला मराठी कशाला, असे आम्हीच म्हणत होतो. मुले पास झाली. आता नातवंडांशी बोलताना शब्द शोधावा लागतो.

गेल्या वर्षी गणेशचतुर्थीच्या आधी मंडळात ठरले की एका आजीबाईंचा मसाला पुन्हा करायचा. आजीबाई वारल्या तेव्हा कृती कोणी लिहून घेतली नव्हती. त्यांची मापे होती मूठ, चिमूट आणि दुधाचा एक रिकामा डबा. सुनेला घटक आठवत होते. पहिल्यांदा केला तो कडू झाला, मेथी जास्त भाजली गेली. दुसऱ्यांदा बरा झाला, पण सगळ्या म्हणाल्या, हा बाजारातल्या मसाल्यासारखा झाला. मग आजीबाईंचा मुलगा, जो आयुष्यात कधी चुलीपाशी गेला नाही, तो दारातून म्हणाला, "खोबरं काळं होईपर्यंत भाजायची ती, घरात धूर व्हायचा." तेच राहिले होते. सुकलेले खोबरे आणि उभा चिरलेला कांदा तव्यावर चांगला गडद होईपर्यंत भाजायचा आणि मसाल्याबरोबर वाटायचा, ही कोकणातल्या वाटणाची रीत. आम्ही सगळ्या खोबरे नुसते गुलाबी करून थांबत होतो, कारण आता स्वयंपाकघर घरात आहे आणि धूर नको असतो.

ज्यांना लिहून घ्यायचे आहे त्यांनी घ्या. दोन कप धणे, अर्धा कप जिरे, पंधरा-वीस सुक्या मिरच्या, दोन चमचे मेथी, चमचाभर मोहरी, चमचाभर मिरी, दालचिनीचे दोन तुकडे, पाचसहा लवंगा. सगळे वेगवेगळे भाजायचे, मेथी शेवटी आणि जेमतेम. कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या तव्यावर कुरकुरीत करून घ्यायच्या. दळल्यावर तीन चमचे हळद. हे कोरडे बाटलीत ठेवा, दोन महिने पुरते. खोबरे-कांद्याचे वाटण मात्र त्याच दिवशी करायचे. मुलांसाठी मिरच्या निम्म्या घाला, पण मसाला वेगळा करू नका. तिखट कमी चालते, वास तोच राहिला पाहिजे.

आता या मसाल्यात काय काय आहे ते पाहा. कढीपत्त्याला आपण सगळे कारीपुले म्हणतो, कोथिंबिरीला कोतोमिली. हे तमिळ शेजाऱ्यांचे शब्द. हळदीला साफ्राँ, तो फ्रेंचांचा. खरे केशर वेगळेच असते हे आमच्यातल्या कित्येकींना फार उशिरा कळले. दोडका म्हणजे पिपंगाय, शेवग्याचा पाला म्हणजे ब्रेद मुरुम, अळू म्हणजे ब्रेद सोंझ. काही लोक म्हणतात, यात मराठी काय उरले? आम्हाला हा प्रश्न पटत नाही. मुंबईहून आणलेले मसाल्याचे पाकीट फोडले म्हणजे जेवण मराठी होते, असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही. ज्या बाईने आमसूल नाही म्हणून चिंच घातली, गूळ नाही म्हणून मळ्याची तांबडी साखर घातली, तिचेच जेवण आम्ही मराठी म्हणतो. फक्त मुलांना दोन्ही नावे सांगा. पानावर बोट ठेवून, ब्रेद सोंझ, अळू. मूल तीन वर्षांचे असेल तर त्याला दोन शब्द जड होत नाहीत, जड आपल्याला होतात.

अळूच्या वड्या हे मुलांना बरोबर घेऊन करायचे सर्वांत सोपे काम आहे. पाने धुऊन पालथी ठेवायची आणि जाड शिरा लाटण्याने दाबायच्या, हे पाच वर्षांचे मूल करते. बेसन, चिंचेचा कोळ, तांबडी साखर, मीठ, हळद, आपला मसाला आणि तीळ एकत्र कालवायचे, पीठ पानाला चिकटेल इतके घट्ट. चिंच कमी करू नका, घसा खाजतो. पीठ पानाला लावायचे काम मुलांचे, हात माखले तरी माखू द्या. पानावर पान ठेवून घट्ट गुंडाळी करायची, वीस मिनिटे वाफवायची, गार झाल्यावर कापून तळायची. गरम असताना कापली की सुटते, आणि घाई नेमकी तेव्हाच असते.

मोदकांची गोष्ट वेगळी. कोकणात गणपती पावसात येतात, इथे थंडी सरताना. आणि तेव्हा ला कूप जोरात असते. आमच्या आया दिवसभर ऊस उचलून यायच्या, गोणपाट डोक्यावरून काढायच्या, आणि रात्री उकड काढायला बसायच्या. कळ्या पाडायला बोटे वळत नसत, उसाच्या पात्याने कापलेली असत. म्हणून कळ्या आम्ही पोरी पाडायचो, वाकड्यातिकड्या. आई त्यातला एकही मोडत नसे, सगळे गणपतीपुढे ठेवत असे. आता सुट्टी असते, वाफेची भांडी असतात, आणि सुबक व्हावेत म्हणून आपण मुलांना हात लावू देत नाही.

हाताच्या कामाबद्दल थोडेच सांगतो, कारण बाहेरच्या टेबलावर सगळे मांडले आहे. आपल्या आज्या काही फेकत नसत. गोनी फाटली की पायपुसणे, वाक्वाच्या पातींची पिशवी, माडाच्या झावळीतून हीर काढून खराटा, म्हणजे बाल्ये कोको. आणि जुन्या साड्यांची गोधडी. शेजारच्या घरांत तिला तापी मांद्याँ म्हणत, त्यांच्यात तुकडे जास्त आणि रंग जास्त. आपल्या आणि त्यांच्या बायका एकाच ओसरीवर बसून शिवत, त्यामुळे कोणती गोधडी कोणाची हे आता सांगता येत नाही.

तरुण आयांना आमचे सांगणे असे की मोठ्या गोधडीच्या वाटेला एकदम जाऊ नका, अर्धी राहून कपाटात जाते. बाळाचे दुपटे करा. वापरून मऊ झालेली सुती साडी, नायलॉनची नको. दीड हात चौकोन, तीन पदर. चारी कडा टाचून घ्या आणि बाहेरून आत साधा धावदोरा घालत या, टाके थोडे वाकडे आले तरी चालतात. मोठ्या भावंडाला सुईत दोरा ओवायला द्या. आणि उरलेल्या तुकड्यांची एक लहान कुंची शिवा. ती कशासाठी हे बारशाला कळेल.

बापांनाही हे सांगणे आहे. पाट्याला टाकी लावायला आता पाथरवट येत नाही. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर वाटण सरकते आणि बाई कंटाळते. छिन्नी-हातोडी तुमच्या घरी आहे. बेताने, टिंबे-टिंबे मारायची; डोळ्यांवर चष्मा घाला. झाल्यावर मूठभर तांदूळ वाटून फेकून द्यायचे, म्हणजे कच निघून जाते.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता मंडळाच्या मागच्या अंगणात आम्ही तीन पाटे मांडणार आहोत. त्यातला एक तो कुंडीखालचा आहे, घासून काढला आहे. डाळ आदल्या रात्री आम्ही भिजवून ठेवू, नारळही आमचे. तुम्ही एक जुनी सुती साडी आणा आणि मुले आणा. ज्यांच्या आज्या अजून हयात आहेत त्यांनी आजीला गाडीत बसवून आणा. खुर्च्या आहेत, सावली आहे. त्यांनी काही करायला नको, नुसते बसून आमच्या चुका काढल्या तरी पुरे.