विनोदी प्रवेश कां रंगतो, कां पडतो

शाळेच्या स्नेहसंमेलनांत विनोदी प्रवेश सुरू व्हावा, पात्रांनीं आधींच हंसूं लागावें आणि प्रेक्षकांनीं मात्र जांभया द्याव्या, हा अनुभव नवा नाहीं. खोटी मिशी, अडखळती जीभ, शब्दांवरील कोट्या, अशी सामुग्री तर सर्व असते. मग उणें कोठें पडतें? याचें उत्तर बुलढाणा जिल्ह्यांतील एका वकिलाच्या लेखनांत सांपडतें.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांनीं खामगांव व जळगांव-जामोद येथें वकिली केली. १९०२ सालीं ‘विविधज्ञानविस्तारां’त त्यांचा ‘साक्षीदार’ हा विनोदी लेख आला. पुढें अशा लेखांचा ‘सुदाम्याचे पोहे’ हा संग्रह झाला. त्यांतील ‘चोरांचें संमेलन’ पाहावें. संमेलन म्हटलें कीं जो थाट आणि जें गांभीर्य यावयाचें, तें येथें चोरांच्या वाट्यास आलें आहे. चोरांना आपण हास्यास्पद आहों याची वार्ताही नाहीं. म्हणूनच वाचकाला हंसूं आवरत नाहीं.

त्याच लेखकाच्या नाटकांत मात्र वाटेल तें पात्र कोट्या करूं लागतें. एक कोटी उकलते तोंच दुसरी येऊन आदळते. वाचकाला मागील ओळ पुन्हां वाचतां येते. प्रेक्षकाला ती सोय नाहीं. शिवाय सर्वांच्या मुखांतून लेखकच बोलूं लागला, म्हणजे पात्रें उरत नाहींत.

कोल्हटकरांना गुरु मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनीं संमेलनाचें तें मर्म रंगभूमीवर नेलें. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ या नाटकांत तळीरामाची मंडळी दारूबाजांचें आर्यमदिरामंडळ चालवितात. एखाद्या धर्मकार्याला शोभेल अशी आस्था ते मद्यपानाला दाखवितात. प्रेक्षक पोट धरून हंसतो. परंतु बुद्धिमान सुधाकर याच वाटेनें बुडत आहे हें ध्यानांत येतांच तें हंसें ओठांवर विरतें. तेथील विनोद वरून चिकटविलेला नाहीं. तो कथेच्या पोटांतून निघालेला आहे.

प्रवेश पडण्याचें दुसरें कारण याहून गंभीर आहे. वऱ्हाडी बोलणारा शेतकरी रंगमंचावर आणावा, त्याच्या बोलीचा हेल काढून दाखवावा आणि एवढ्यावरच हशा मागावा, ही शहरी लेखकांची जुनी खोड. पुढील खुर्च्यांवर हशा पिकतोही; परंतु मागें सतरंजीवर बसलेला एखादा मुलगा त्या दिवसापासून आपल्या आईची बोली वर्गांत बोलावयास लाजतो. त्या हशाची ही किंमत फार होय. त्याच शेतकऱ्याला कोर्टांत उभा करावा. वकिलाच्या वाकड्या प्रश्नास त्यानें व्यवहारांतलें सरळ उत्तर देऊन वकिलासच निरुत्तर करावें. बोली तीच, हेल तोच. पण आतां खुर्च्या हंसतात आणि सतरंजीवरील मुलगाही ताठ बसून हंसतो. कोल्हटकरांनींही रूढींची थट्टा केली ती दूर उभें राहून नव्हे. सुदामा आणि त्याचे सोबती बंडूनाना व पांडूतात्या त्या गोंधळांत स्वतःच सांपडलेले असतात.

प्रवेश लिहिणाऱ्यानें तालमीपूर्वीं तीनच गोष्टी तपासाव्या. पात्र स्वतःला गंभीरपणें घेतें काय? कोट्या गाळल्या तरी प्रसंग उभा राहतो काय? आणि ज्याच्यावर हंसावयाचें, तो समोर बसला असतां त्यालाही हंसूं येईल काय? या तिहींचें उत्तर होकारार्थी आलें, तर ऐन वेळीं खोटी मिशी गळून पडली तरी प्रवेश पडणार नाहीं.