तपासणी पतीचीही व्हावी



मोसम नदीच्या काठी वसलेल्या आणि कांद्याच्या बाजारामुळे साऱ्या बागलाणास परिचित असलेल्या नामपूरसारख्या गावात, लग्नाला चार-पाच वर्षे लोटूनही घरात पाळणा हलला नाही, म्हणजे सुनेला आधी सटाण्यास, मग मालेगावास आणि अखेरीस नाशकास नेण्यात येते. तिचे नवस, उपास आणि औषधे अव्याहत चालू राहतात, परंतु ज्याची तपासणी पहिल्याच दिवशी व्हावी, त्या पतीचे नाव काढण्याचे धैर्य कोणास होत नाही. वस्तुतः अपत्यहीन दांपत्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारण अंशतः वा पूर्णतः आढळते. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून ज्या विषयांवर मोकळेपणाने बोलण्याचा आग्रह धरला, त्यांबाबत आपल्या जिभा अजून जड आहेत, याचा मला खेद वाटतो.

आरंभ वीर्यतपासणीने करावा. तीत उणीव दिसली, किंवा डॉक्टरांच्या हातास काही संशयास्पद लागले, की अंडकोषाची सोनोग्राफी करतात. यात क्ष-किरण नाहीत, सुई नाही. दार लावलेल्या खोलीत पुरुष पाठीवर निजतो, खाली घडी केलेला टॉवेल ठेवतात, आणि जेल लावून डॉक्टर प्रोब हलकेच फिरवून दोन्ही वृषणांचे आकारमान मोजतात. मग त्यास श्वास रोखून जोर करावयास, प्रसंगी उभे राहूनही, सांगतात. फुगलेल्या शिरांतून मागे परतणारे रक्त त्या क्षणी पडद्यावर रंगीत उमटते. अशा फुगलेल्या शिरा म्हणजेच व्हेरिकोसील. तो बहुधा डावीकडे असतो, कारण डाव्या वृषणाची शीर मूत्रपिंडाच्या शिरेस काटकोनात मिळते आणि रक्ताचा वर जाण्याचा मार्ग बिकट होतो. सर्वसाधारण पुरुषांत शंभरी सुमारे पंधरांना, तर अपत्यहीन पुरुषांत पस्तीस ते चाळीसांना तो आढळतो. मात्र तो दिसला म्हणून प्रत्येकाने शस्त्रक्रियेची घाई करणे मला रास्त वाटत नाही.

बालपणी खाली न उतरलेले वृषण, मार्ग अडल्याने फुगलेली नलिका, किंवा वेळीच ओळखावयास हवी अशी एखादी गाठ, यांचाही छडा याच तपासणीत लागतो. शुक्रजंतूंची संख्या मात्र ती सांगत नाही. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. म्हणून इलाजानंतर तीन महिन्यांनी वीर्यतपासणी पुन्हा करावी, आणि तिचा कागद घेऊन पतिपत्नी दोघांनीही डॉक्टरांसमोर बसावे.