लोहकणांचे पांघरूण

लोखंडाचा गंज सर्वांच्याच परिचयाचा आहे. मॅग्नेटाइट हे त्याच्याच कुळातील काळे, चुंबकाकडे ओढले जाणारे संयुग. त्याचे काही नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागात मोजावे लागणारे, कण रक्तात सोडून रोगनिदान करता येते, हे प्रथम ऐकणाऱ्यास नवलाचे वाटेल. खरी करामत आहे ती या कणांवर चढविलेल्या आवरणाची.

उघडे कण रक्तात सुटे राहत नाहीत. ते एकमेकांस चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात. रक्तातील प्रथिने त्यांवर बसली की शरीरातील भक्षक पेशी त्यांना परके समजून गिळतात. म्हणून कणांवर बहुवारिकाचा, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचा, थर दिला जातो. लोहाच्या दोन प्रकारच्या क्षारांच्या द्रावणात अमोनिया मिसळला असता मॅग्नेटाइटचा साका बनतो. त्याच द्रावणात डेक्स्ट्रान असल्यास त्याच्या साखळ्या कणांभोवती गुंडाळल्या जातात.

हे डेक्स्ट्रान साखर कारखान्यांना निराळ्या नात्याने ठाऊक आहे. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू त्यातील साखरेपासून हाच बुळबुळीत पदार्थ तयार करतात. कारखान्याची डोकेदुखी रुग्णाच्या उपयोगी पडावी, ही गंमतच!

अमेरिकेत १९९६ साली डेक्स्ट्रानवेष्टित कणांचे औषध यकृताच्या एमआरआय तपासणीसाठी मान्य झाले. निरोगी यकृतातील कुप्फर पेशी हे कण गिळतात आणि चित्रात तो भाग काळवंडतो. कर्करोगाच्या गाठीत या पेशी सहसा नसतात, म्हणून गाठ उजळ उठून दिसते. भक्षक पेशींचा उपद्रव येथे उपकारक ठरला. पुढे या औषधाचे उत्पादन थांबले.

२००९ साली तेथेच फेरुमॉक्सिटॉल मान्य झाले, ते मूत्रपिंडाच्या जुनाट विकारातील रक्तक्षयासाठी. एका मात्रेत ५१० मिलिग्रॅम लोह असते. एवढे मोकळे लोह एकदम रक्तात शिरले तर ते विषासमान. शर्कराजन्य आवरणामुळे ते सावकाश सुटते आणि तांबड्या पेशींच्या कामी येते. तथापि काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी होऊन मृत्यू ओढवल्याने २०१५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कडक इशारा दिला : औषध पातळ करून किमान १५ मिनिटे ठिबकत द्यावे आणि नंतर किमान ३० मिनिटे रुग्णावर लक्ष ठेवावे.

अन्य आवरणांचे प्रयोग चालूच आहेत. पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या थराने कण रक्तात अधिक काळ टिकतात. मात्र त्या थराविरुद्धही काही व्यक्तींच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली आहेत.