वाचन-लेखनाच्या सरावासाठी बोलके यंत्र

(प्राथमिक शिक्षकांच्या एका उद्बोधन वर्गात केलेले भाषण)

आजच्या या उद्बोधन वर्गात मला जो विषय देण्यात आला आहे तो वरकरणी यंत्राचा दिसतो. परंतु तो खरोखर मुलाचा विषय आहे, असे मी मानतो. लिहिलेला मजकूर मोठ्या आवाजात वाचून दाखविणारी आज्ञावली आता संगणकावर आणि साध्या मोबाइल संचावरही उपलब्ध झाली आहे. इंग्रजीत तिला ‘टेक्स्ट-टू-स्पीच’ म्हणतात. आपण तिला ‘वाचक आज्ञावली’ म्हणू. वाचनाच्या आणि शुद्धलेखनाच्या सरावासाठी तिचा उपयोग कोठे करावा आणि कोठे करू नये, याविषयी काही अनुभवाचे बोल आपणांपुढे ठेवावेत, एवढाच माझा हेतू आहे.

आरंभी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. आईवडील ऊसतोडणीला जात आणि मुलगा आजीजवळ राही. तोंडी हिशेबात तो तरबेज होता, लेखनात मात्र मागे. एकदा त्याने आपल्या शेळीवर सात ओळी लिहून आणल्या. मी तांबड्या शाईने त्या ओळींतील सतरा चुका दाखविल्या आणि वही परत केली. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्या मुलाने स्वतःच्या मनाने एकही ओळ लिहिली नाही. फळ्यावरचे तेवढे तो मुकाट्याने उतरवून घेई.

पुढे अनेक वर्षांनी मला उमगले की, चूक ‘आहे’ एवढेच माझ्या तांबड्या खुणांनी त्याला सांगितले होते. आपण प्रत्यक्षात काय लिहिले आहे, हे त्याला कोणीच ऐकविले नव्हते. त्याच्या घरी वाचून दाखविणारे कोणी नव्हते. शाळेत मी होतो. परंतु माझ्यापुढे चाळीस मुले होती.

प्रश्न किती मोठा आहे?

हा प्रश्न एका मुलाचा किंवा एका गावाचा नाही. ग्रामीण भारतातील ‘असर’ या पाहणीनुसार, दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या पाचवीतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते, ते २०२२ मध्ये ४२.८ टक्क्यांवर घसरले. मध्यंतरी महामारीमुळे शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या होत्या, हे आपण सारे जाणतोच. २०२४ मध्ये हे प्रमाण ४८.८ टक्क्यांपर्यंत सावरले. तरीही निम्म्याहून अधिक मुलांना ती पायरी चढता आलेली नव्हती. इयत्ता तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, या उद्देशाने जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ हे अभियान सुरू झाले, त्यामागची निकड या आकड्यांवरून ध्यानात येईल.

वाचन ही सरावाची विद्या आहे. ज्या मुलाच्या घरी मोठी माणसे रोज काही वाचून दाखवितात, त्याच्या कानांवर पुस्तकी भाषा शाळेत येण्यापूर्वीच पडलेली असते. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला हे भाग्य लाभत नाही. वाचक आज्ञावलीचे खरे मोल या ठिकाणी आहे.

यंत्राला वाचा कशी फुटली?

यंत्राकडून वाचून घेण्याची कल्पना आजची नाही. अमेरिकेत रे कर्झवेल यांनी १९७६ मध्ये छापील मजकूर मोठ्याने वाचणारे यंत्र लोकांपुढे आणले, ते मुख्यतः अंध व्यक्तींसाठी होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने ‘स्पीक अँड स्पेल’ नावाचे बोलके खेळणे काढले. खेळणे शब्द उच्चारी, मूल अक्षरांच्या कळा दाबून तो शब्द लिही, आणि बरोबर की चूक हे खेळणेच सांगे. मात्र त्याला साठविलेले मोजके शब्दच ठाऊक होते. मुलाने आपल्या मनाने लिहिलेले वाक्य ते वाचू शकत नसे.

आजची आज्ञावली कोणतेही वाक्य वाचते. प्रथम ती आकडे आणि संक्षेप यांचे शब्दांत रूपांतर करते, ‘रु. १२५’ हे ‘एकशे पंचवीस रुपये’ असे वाचावयाचे, हे तिला ठरवावे लागते. मग प्रत्येक शब्दाचा उच्चार ती निश्चित करते. ‘करवत’ या शब्दात चार अक्षरे असली, तरी बोलताना आपण ‘कर्-वत्’ असे म्हणतो. हा न लिहिलेला नियमही तिला पाळावा लागतो. शेवटी ती त्या उच्चारांचा आवाज निर्माण करते. मराठीसाठी ‘ई-स्पीक एनजी’सारखी विनामूल्य आज्ञावली आहे, तिचा आवाज काहीसा यांत्रिक असला, तरी तिला इंटरनेटची गरज लागत नाही. अनेक मोबाइल संचांवर याहून अधिक नैसर्गिक असा मराठी आवाज मिळतो. तो एकदा उतरवून घेतला की, पुष्कळदा इंटरनेटवाचूनही चालतो.

कानाला कळणाऱ्या चुका

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. इंग्रजी आणि मराठी यांच्या लेखनपद्धतींत एक मोठा भेद आहे. इंग्रजीत ‘नाइफ’ या शब्दाच्या आरंभीचे ‘के’ हे अक्षर उच्चारले जात नाही. मुलाने ते गाळले, तरी यंत्र बहुधा तो शब्द बरोबर उच्चारील आणि चूक झाकलेलीच राहील. मराठीत बव्हंशी जसे लिहावे तसे वाचले जाते. म्हणून मुलाने ‘बाजार’ऐवजी ‘बजार’, ‘प्रकाश’ऐवजी ‘पकाश’ किंवा ‘धडा’ऐवजी ‘दडा’ असे लिहिले, तर यंत्र तसेच वाचते आणि चूक ताबडतोब कानाला खटकते. सुटलेला काना, गळालेले अक्षर, उलटसुलट झालेले जोडाक्षर, अल्पप्राण आणि महाप्राण यांची अदलाबदल या साऱ्या कानाला कळणाऱ्या चुका होत. त्या मुलाला स्वतःच्याच स्वतः सापडतात.

गेल्या काही वर्षांत मी गावातील शाळेत आठवड्यातून दोन दिवस मदतीला जातो. तेथे तिसरीतील एका मुलीने लिहिले, ‘माझी आजी भकरी करते.’ मी ते वाक्य जसेच्या तसे मोबाइलवर लिहिले आणि यंत्राला वाचावयास लावले. ‘भकरी’ हा शब्द ऐकताच ती खुदकन हसली आणि पाटीवर ‘भ’च्या पुढे काना काढून मोकळी झाली. मी एक शब्दही उच्चारला नव्हता. शेळीवर सात ओळी लिहिणारा तो मुलगा मला त्या क्षणी आठवला.

डोळ्यालाच कळणाऱ्या चुका

परंतु सर्वच चुका कानाला कळत नाहीत, हे शिक्षकाने पक्के ध्यानात ठेवावे. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. बोलताना या जोड्यांतील फरक जवळजवळ जाणवत नाही. मुलाने ‘पाणि’ असे लिहिले, तरी यंत्राच्या तोंडून ‘पाणी’ असेच ऐकू येईल आणि मुलाचा समज होईल की आपले लेखन बरोबर आहे.

अशा ठिकाणी नियमच सांगावा लागतो. मराठी साहित्य महामंडळाने पुरस्कृत केलेले आणि शासनाने मान्य केलेले लेखनविषयक चौदा नियम १९६२ पासून आपल्यापुढे आहेत. १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. मराठी शब्दाच्या अंती येणारा इकार व उकार दीर्घ लिहावा, ‘आणि’ व ‘नि’ ही अव्यये मात्र ऱ्हस्वान्त लिहावीत, हा नियम तिसरी-चौथीतील मुलालाही समजतो. ‘गरीब’ पण ‘गरिबाला’, ‘फूल’ पण ‘फुलाला’, ही रूपे समोरासमोर लिहून दाखविली की, ती मुलाच्या डोळ्यांत ठसतात. तेव्हा कानाच्या चुका यंत्राकडे आणि डोळ्याच्या चुका शिक्षकाकडे, अशी कामाची वाटणी करणे इष्ट होय.

वर्गातील पद्धत

वर्गात एकच मोबाइल संच असला तरी हा सराव करता येतो. शुद्धलेखनासाठी रोज आठ ते दहा शब्द आणि दोन छोटी वाक्ये घ्यावीत. यंत्राची गती कमी करून प्रत्येक शब्द दोनदा ऐकवावा. मुलांनी तो पाटीवर किंवा वहीत स्वतःच्या हाताने लिहावा. मग एखाद्या मुलाच्या संमतीने त्याचे लेखन शिक्षकाने यंत्रात जसेच्या तसे उतरवावे आणि सर्वांना ऐकवावे. या वेळी शब्द सुचविणारी व आपोआप दुरुस्त करणारी सोय बंद ठेवणे अत्यावश्यक आहे. अन्यथा चूक मुलाच्या कानावर पडण्याआधीच यंत्र ती झाकून टाकते.

वाचनासाठी तीन फेऱ्या घ्याव्यात. पहिल्या फेरीत यंत्राने वाचावे आणि मुलाने ओळीवर बोट फिरवीत ऐकावे. दुसऱ्या फेरीत दोघांनी बरोबर वाचावे. तिसऱ्या फेरीत यंत्र बंद करावे आणि मुलाने एकट्याने वाचावे. ही तिसरी फेरी कधीही गाळू नये. केवळ ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे. दोन फेऱ्यांवर थांबलेले मूल धडा पाठ म्हणेल, पण अनोळखी ओळ वाचू शकणार नाही.

ज्या मुलांना अध्ययन अक्षमता आहे, त्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झालेला आहे. अशा मुलाला परिसर अभ्यासाचा धडा यंत्राकडून ऐकू द्यावा. त्याची अडचण अक्षर ओळखण्यात आहे, विषय समजण्यात नाही. अक्षरांसाठी त्याचे ज्ञान अडवून ठेवणे अन्यायाचे ठरेल. त्याचा वाचनाचा सराव वेगळ्या वेळी आणि त्याच्या गतीने चालू ठेवावा.

काही सावधगिरीच्या सूचना

यंत्रही चुकते. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. ‘चार’ या संख्येतील ‘च’ वेगळा आणि जनावरांच्या ‘चारा’ या शब्दातील ‘च’ वेगळा. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांचे लेखन एकच असले तरी उच्चार भिन्न आहेत. येथे यंत्राची गफलत होऊ शकते. म्हणून कोणताही उतारा शिक्षकाने आधी स्वतः ऐकावा आणि मगच मुलांना ऐकवावा. यंत्र चुकले, तर ती चूक मुलांनाच शोधू द्यावी. तो एक उत्तम पाठ ठरतो.

दुसरी गोष्ट तांत्रिक आहे. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूरच ही आज्ञावली नीट वाचू शकते. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये जुळविलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसला, तरी यंत्राला तो निरर्थक खुणांचा ढीग वाटतो. शाळेसाठी तयार केलेले साहित्य आरंभापासूनच युनिकोडमध्ये ठेवावे.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. यंत्र प्रमाण मराठी बोलते. आपल्या वर्गात अहिराणी, वऱ्हाडी, भिली, गोंडी बोलणारी मुले असतात. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलापुढे यंत्राचा ‘पाणी’ हा उच्चार आदर्श म्हणून नाचवू नये. ‘घरी आपण असे बोलतो, पुस्तकात असे लिहितो,’ एवढेच सांगावे. मुलाच्या आईची बोली चुकीची आहे, असा अर्थ या आवाजातून निघता कामा नये.

मित्रहो, यंत्राला राग येत नाही आणि शंभराव्यांदा तोच शब्द वाचतानाही ते कंटाळत नाही, हा त्याचा गुण आहे. परंतु मुलाने प्रथमच एक ओळ न अडखळता वाचली, तर त्याला आनंदही होत नाही. तो आनंद शिक्षकाच्या चेहऱ्यावर मुलाला दिसावा लागतो. चुका ऐकविण्याचे काम यंत्राकडे गेले, तर आपला वाचलेला वेळ मुलाजवळ बसण्यात खर्ची पडावा, आणि तांबडी शाई उघडण्यापूर्वी आपण त्याच्या सात ओळी एकदा त्याला वाचून दाखवाव्यात, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.