शिदोरी घरची असावी

आज सप्ताहाची सांगता, आज काला. काला म्हणजे काय? भगवंतानं गोपाळांना यमुनेकाठी बसवलं, एकेकाची शिदोरी सोडायला लावली आणि सगळं एकत्र कालवलं. कुणाची भाकरी, कुणाचं दही, कुणाचं लोणचं. पेंद्याची शिदोरी सगळ्यांत गरीब. पण होतं ते घरचं होतं, कुणाच्या तरी आईनं बांधून दिलेलं होतं. देव त्या चवीला भुलला.

दोन वर्षांमागची गोष्ट. एका गावी काल्याच्या कीर्तनाला उभा होतो. लेकरांना सांगितलं होतं, घरून शिदोरी आणा. एका पोरानं फडक्याची गाठ सोडली, तर आत पाच रुपयांचं मसालेदार कुरकुरीत खाऊचं पाकीट! मी गादीवरून म्हणालो, "बाळा, देवाला हे चालतं का रे?" सगळा मंडप हसला. पोरानं मान खाली घातली.

कीर्तन संपल्यावर त्याची आई पाया पडायला आली. म्हणाली, "महाराज, सकाळी सातला खुरपायला जाते. येते तवा दिस बुडालेला असतो. पोराला चार वाजता भूक लागती, तवा घरात कोण हाय?"

मी निरुत्तर. आणि मायबाप, खरं सांगतो, त्या वेळी माझ्याच झोळीत बिस्किटांचे दोन पुडे होते. गावोगाव चहा, चहाबरोबर बिस्किट. त्याच वर्षी डॉक्टरांनी मधुमेह सांगितला. लेकराला हसणारा मी कोण?

म्हणून आज बोलतो ते कुणा माउलीला बोल लावायला नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतानं आहाराचे तीन प्रकार सांगितले. अति खारट, अति तिखट ते राजस, आणि त्याचं फळ दुःख अन् रोग. रस निघून गेलेलं, शिळं ते तामस. आता पाकीट आठवा. चव खारट-तिखट, आणि महिनोन्‌महिने टिकणारं!

विज्ञानही तेच सांगतंय. २०१९ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं वीस माणसांना दोन आठवडे कारखान्यातलं तयार अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं अन्न. पुढं मांडलेल्या ताटांत साखर, मीठ, स्निग्ध सारखंच. म्हटलं, हवं तेवढं खा. तयार अन्न होतं तेव्हा माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. म्हणजे चार-पाच पोळ्यांइतकं! वजनही वाढलं. जीभ म्हणते आणखी, पोटाला कळतच नाही.

मग दुकानातलं सगळंच वाईट का? नाही. डाळ, पोहे, शेंगदाणे आपण दुकानातूनच आणतो. खूण सोपी आहे. पाकिटामागची यादी वाचा. जे सर्वांत जास्त ते यादीत पहिलं लिहिलेलं असतं. आणि ज्या वस्तू आपल्या चुलीपाशी कधी दिसल्या नाहीत, अशांची रांग लागली असेल तर पाकीट खाली ठेवा.

त्याऐवजी काय? ज्वारीच्या लाह्या, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे. प्रवासाला दुधात मळलेली दशमी, सोबत शेंगदाण्याची चटणी. मधुमेह असेल त्यानं गूळही बेतानं.

आणि हे करायचं कुणी? एकट्या आईनं? जनाबाईच्या जात्याला देवानं हात लावला, असं आपण भक्तीनं सांगतो. पंढरीचा राणा दळायला बसतो, तर घरातल्या बापानं, आजोबानं रविवारी कढईभर शेंगदाणे भाजायला काय हरकत आहे? डबा भरून ठेवा. चार वाजता लेकराचा हात पाकिटाकडं नाही, डब्याकडं जाईल.

मागच्या वर्षी त्याच गावी पुन्हा गेलो. आधी त्या लेकराची सर्वांदेखत माफी मागितली. मग त्यानं फडकं सोडलं. आजोबांनी भाजलेले शेंगदाणे अन् लाह्या. काल्याचा पहिला घास मी त्याच्या हातून मागून घेतला. बिस्किटांचे पुडे तेव्हापासून झोळीत नाहीत. चुकतो, मायबाप, एखाद्या दिवशी चहापाशी हात पुढं जातो. मग ते पोर आठवतं अन् हात मागं येतो.

सोडा आता शिदोऱ्या. बोला, पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!